पायावरचा हात

आजींनी आजोबांच्या कानांतली दोन्ही यंत्रं काढली, तांदूळ निवडावेत तशी एकेक डोळ्यांजवळ नेऊन तपासली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"सांभाळा हो. महाग आहेत. आणि आता यांच्याशी जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत."

"काय म्हणतेस?" आजोबा ओरडले. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाजही कळत नाही, त्यामुळे शेजारच्या प्रतीक्षाकक्षातल्या दोघांनी माना वळवल्या.

"काही नाही." आजींनी नुसते ओठ हलवले.

"काही नाही कसं? माझ्याचबद्दल बोलत होतीस."

एमआरआयच्या खोलीत चुंबक असतो आणि तो दिवसरात्र चालूच असतो. यंत्र बंद आहे म्हणून चुंबकही बंद असेल, असं लोकांना वाटतं. म्हणून आमच्याकडे दारातच सगळं काढून ठेवायला लावतात: घड्याळ, पट्टा, किल्ल्या आणि कानातलं यंत्रसुद्धा. ते आत नेलं तर कायमचं बिघडतं. म्हणजे ज्या माणसाला मला अचूक सूचना द्यायच्या असतात, त्याचे कान मी आधी काढून घेते. आमच्या कामात असं अधूनमधून घडतं, पण त्या दिवशी ते फारच अडचणीचं होतं.

आजोबा पिवळे पडले होते. डोळे, तळवे, नखांखालची कातडीसुद्धा. यकृतातून आतड्यात पित्त नेणारी नळी कुठेतरी अडली होती. सोनोग्राफीत नळीचा वरचा भाग फुगलेला दिसत होता, पण खालचं टोक आतड्यातल्या हवेमागे लपलेलं होतं, आणि अडथळा तिथंच होता. तो खडा असेल तर तोंडातून नळी घालून काढता येतो. त्याला थोडी गुंगी पुरते, आणि माणूस दोन-तीन दिवसांत घरी जातो. गाठ असेल तर पोट उघडायचं. आजोबांची छाती पाहून भूलतज्ज्ञांनी आधीच नकारार्थी मान हलवली होती. आयुष्य पिठाच्या गिरणीत गेलेलं. कान गिरणीच्या आवाजानं नेले, छाती पिठानं.

आमचे डॉक्टर सकाळीच मला म्हणाले होते, "चित्र स्वच्छ हवं. हललेलं आलं तर मला खडा आणि गाठ यांत फरक सांगता येणार नाही. मग भूल देऊन पुन्हा करावं लागेल." गुंगीतला माणूस सांगितल्यावर श्वास धरत नाही. त्याला पूर्ण भूल देऊन श्वासाच्या यंत्रावर घ्यावं लागतं. ते आजोबांना झेपणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आणि आजींनाही. दारातच त्यांनी मला हळूच विचारलं होतं, "आज झालं नाही तर काय हो?" मी म्हटलं होतं, "आज करूच या."

बाहेर, कानांत यंत्रं असताना, मी आजोबांकडून तालीम करून घेतली होती. श्वास घ्या, सोडा, आता धरा. मला सतरा सेकंद हवे होते. त्यांनी पंचविसापर्यंत धरला आणि वर म्हणाले, "आणखी हवाय?"

"पुरे, पुरे. कुस्तीला नाही जायचं," आजी म्हणाल्या.

आता कानांशिवाय तेच कसं करायचं? यंत्राच्या आतले दिवे मालवून खूण करता येते, पण आजोबांनी डोळ्यांवर कापड बांधायचीच अट घातली होती. तरुणपणी ते धान्याच्या कोठीत अडकले होते. तेव्हापासून अरुंद जागेत डोळे मिटले तरच निभतं. "डोळे उघडे ठेवलेत तर मी आपणहून बाहेर येईन, तुमच्या नळकांड्यासकट," त्यांनी बजावलं. तेव्हा एकच वाट उरली. कुणीतरी आत, त्यांच्या पायाशी बसायचं. मी काचेतून हात वर केला की त्या माणसानं घोटा दाबायचा, म्हणजे श्वास धरा. मी हात खाली घेतला की सोडायचा, म्हणजे श्वास घ्या.

पहिल्यांदा आमच्या विभागातल्या मावशींना बसवलं. वीस वर्षांचा अनुभव, हात खंबीर. त्यांनी घोटा धरला मात्र, आजोबांचा पाय उडाला आणि टेबल हसण्यानं गदगदू लागलं.

"गुदगुल्या!" आजोबा ओरडले. "कोण आहे ते? सोडा!"

मावशी बाहेर आल्या. "बाई, मी नाही बसत. लोक म्हणतील, पेशंटला हसवून मारलं."

"परक्या हाताला असंच करतात," आजी म्हणाल्या. त्या जराशा सुखावल्यासारख्या दिसल्या. "बूटवाल्या दुकानदाराला लाथ मारलीय यांनी. मी बसते."

मी आजींना सगळे प्रश्न विचारले. शरीरात कुठं धातू आहे का, शस्त्रक्रिया झालीय का, हृदयाचं यंत्र बसवलंय का. त्यांनी चष्मा काढला, अंगठी काढली आणि केसांतले आकडे काढू लागल्या. ते संपेचनात.

"आजी, किती आहेत?"

"केस विरळ झाले की आकडे वाढतात. तुम्हाला कळेल."

त्यांच्या कानांत बोळे घातले, वर कर्णटोप चढवला. आतला आवाज मोठा असतो. ठोकल्यासारखा, मधेच गुरगुरल्यासारखा. आता दोघांनाही ऐकू येणार नव्हतं. हे सगळं चढवण्यापूर्वी आजींनी विचारलं होतं, "एवढा श्वास कशाला धरायला लावता? फोटो तर पटकन निघतो."

हा प्रश्न मला नेहमी विचारतात आणि मी नेहमी घाईत असते. पण त्या बाई पुढचा पाऊण तास माझं एक उपकरणच होणार होत्या. उपकरणाला आपलं काम माहीत असावं.

"हा फोटो नाही, आजी. आपल्या अंगात पाणी असतं ना, त्या पाण्यात अगदी बारीक कण असतात, स्वतःभोवती फिरणारे, भोवऱ्यासारखे. एरवी ते कसेही कलंडलेले असतात. चुंबक त्यातल्या थोड्यांना एका दिशेला वळवतो. मग आम्ही रेडिओच्या लहरीनं त्यांना एक धक्का देतो. धक्का बसला की ते सगळे एका तालात डोलतात आणि डोलताना अगदी क्षीण आवाज देतात. कानाला न ऐकू येणारा. तो आम्ही टिपतो."

"सगळ्यांचा एकदम?"

"एकदम. पण मांसातले कण लगेच ताल सोडतात. साठलेल्या पाण्यातले बराच वेळ धरून ठेवतात. म्हणून आम्ही थोडं थांबतो. बाकीचे गप्प झाले की पाणी एकटंच बोलत असतं. पित्त म्हणजे पाणीच. ते उजळ दिसतं, आणि त्यात खडा असेल तर काळा."

"आणि श्वास?"

"चित्र एकदम उमटत नाही. ते ओळीओळीनं गोळा करावं लागतं, आणि प्रत्येक ओळीत सगळ्या चित्राचा थोडा थोडा भाग असतो. फोटोत एक जण हलला तर तोच पुसट येतो. इथं मधेच कुणी हललं की सगळंच बिघडतं. श्वास घेतला की यकृत खालीवर होतं, आणि त्याबरोबर ती नळीही."

आजींनी मान डोलावली. "दळण पडत असताना पिशवी हलवायची नाही, तसं."

"अगदी तसं."

खरं तर श्वास चालू ठेवूनही हे चित्र घेता येतं. पोटावर पट्टा बांधतात, तो श्वासाची लाट पडद्यावर दाखवतो आणि दर वेळी श्वास तळाला गेला की यंत्र तेवढ्यापुरतं टिपतं. मी आधी तेच करून पाहिलं. पण त्यासाठी लाटा सारख्या यायला हव्यात. आजोबांच्या लाटा एक उंच, दोन बुटक्या, मधे खोकला, अशा. यंत्र वाट पाहत राहिलं आणि जे आलं ते धुक्यात काढल्यासारखं होतं. तेव्हा एकाच श्वासात सबंध चित्र, हाच मार्ग.

मी काचेमागे बसले. हात वर केला. आजींनी घोटा दाबला. पडद्यावरची लाट खाली गेली आणि सपाट झाली. सरळ रेघ. मी चित्र सुरू केलं. रेघ स्थिर होती. मनात आलं, वा, आजोबा. आणि दोन तृतीयांश वेळ झाला असेल नसेल, रेघेनं उसळी घेतली.

चित्र आलं. नळीच्या कडेला नळीची सावली, तिच्या कडेला आणखी एक. खालचं टोक गढूळ.

पुन्हा. पुन्हा तेच. रेघ सपाट, आणि शेवट यायच्या आधी उसळी.

मी टेबल बाहेर घेतलं आणि आत गेले. आजींनी कर्णटोप मागं सरकवला. आजोबांनी डोळ्यांवरचं कापड वर केलं.

"आजोबांना दम पुरत नाहीये," मी आजींना म्हटलं. "थोडा वेळ आणखी धरायला सांगा."

आजी त्यांच्या तोंडासमोर वाकल्या आणि ओठ हलवून म्हणाल्या, "साधा श्वास धरता येत नाही तुम्हाला? बाहेर तर मोठी फुशारकी मारत होता!" गिरणीच्या घरघराटात आवाज कधी पोचत नसे. ते दोघं आयुष्यभर असंच बोलत आलेले, तिचे ओठ आणि त्याचे डोळे. दुसऱ्या कुणाचे ओठ आजोबांना वाचता येत नसत. मी प्रयत्न केला तेव्हा त्यांनी "जेवण? आत्ता?" असं विचारलं होतं.

"मी? मी सोडला?" आजोबा गरजले. "तू पाय सोडलास म्हणून मी सोडला!"

"मी नाही सोडला. या बाईंचा हात खाली येईपर्यंत धरून होते."

"सोडलास."

"नाही सोडला. खोटं बोलू नका, दवाखाना आहे."

"दवाखान्यात खरं बोलतात होय? मग ऐक, सोडलास!"

दोघांच्याही चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता. आजोबा दुखावलेले होते, आजी घाबरलेल्या. मी आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला, कापड पुन्हा डोळ्यांवर घेतलं आणि बाहेर आले. दोघंही खरं बोलत असतील तर मोजण्यात चूक आहे, एवढं मला शिक्षणानं शिकवलं होतं. आतापर्यंत मी हात वर करून नजर पडद्यावर ठेवत होते. आजींकडे पाहिलंच नव्हतं. त्या माझ्या लेखी खूण पोचवणारी दोरी होत्या.

या वेळी मी पडद्याकडे पाठ केली.

हात वर. आजींनी घोटा दाबला. आणि ओठ मिटले. खांदे किंचित वर गेले आणि तिथंच राहिले. यंत्र ठोकत होतं. आजींचे डोळे माझ्या हातावर खिळलेले, मोठे होत चाललेले. मग त्यांचं तोंड उघडलं, खांदे खाली आले, छाती हलली. आणि त्याबरोबर घोट्यावरची बोटं सैल झाली. पूर्ण सुटली नाहीत. नुसती सैल. त्यांना स्वतःला ते कळलंही नसावं, कारण नजर अजून माझ्या वर असलेल्या हातावरच होती.

वळून पाहिलं तर पडद्यावरची रेघ उसळलेली. आजोबांनी तेवढ्यावर श्वास घेतला होता.

त्या त्यांच्याबरोबर श्वास धरत होत्या. तिन्ही वेळा. पडद्यावर मी जो दम मोजत होते तो आजोबांचा नव्हताच. तो आजींचा होता.

आत जाऊन हे सांगताना मी शब्द जपून वापरले, तरी त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्यामुळं?"

"तुम्ही फक्त श्वास घेत राहायचा, आजी. नेहमीसारखा. धरायचं काम त्यांचं."

"हो, हो. कळलं. घेत राहते."

काचेमागून मी पाहत होते. त्यांनी घोटा दाबला, एक श्वास घेतला, मला दाखवायला म्हणून मुद्दाम मोठा. दुसरा घेतला. मग आतला ठोका बदलला, नळकांड्यातून आजोबांचे पाय तेवढे दिसत होते, निश्चल, आणि आजींचे ओठ पुन्हा मिटले.

यंत्र थांबल्यावर त्या स्वतःच रडवेल्या झाल्या होत्या. "जमत नाही हो. ते तिथं श्वास कोंडून पडलेत आणि मी इथं खुशाल हवा खात बसू? मनाला सांगते, पण छाती ऐकत नाही."

"काय झालं?" आजोबांनी कापडाखालून विचारलं. आजींनी त्यांचा पाय नुसता थोपटला.

दारात डॉक्टर उभे होते. अपघाताचा एक रुग्ण वर येत होता, त्याला यंत्र लागणार होतं. "राहू दे आज," ते म्हणाले. "भूलतज्ज्ञांशी बोलतो पुन्हा."

"पाच मिनिटं द्या."

"तू चार वेळा केलंस."

"चार वेळा चुकीच्या माणसासाठी केलं," मी म्हटलं. त्यांना कळलं नाही, पण ते थांबले.

चित्राची वेळ ठरवताना आम्ही नेहमी रुग्णाचा दम मोजतो. इथं आखूड दम आजींचा होता. तर मापही त्यांच्याच दमाचं घ्यायला हवं. आजींची छाती मी बदलू शकत नव्हते, स्वभाव त्याहून नाही. पण चित्र माझ्या हातात होतं.

फुकट काही मिळत नाही, हा या यंत्राचा पहिला नियम. वेळ कमी केला तर कशाची तरी किंमत मोजावी लागते. एकतर चित्र भरड होतं, नाहीतर त्यावर वाळू भुरभुरल्यासारखे ठिपके वाढतात, नाहीतर कमी जागा मावते. आतापर्यंत मी सबंध नळी घेत होते, वरपासून खालपर्यंत, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. पण वरचा भाग सोनोग्राफीत दिसला होता. मला हवं होतं ते फक्त खालचं टोक. मी चौकट आखडली, वरच्या फांद्या सोडून दिल्या, तळाशी जेमतेम दोन बोटांची जागा ठेवली. थोडे ठिपके पत्करले. सतराचे दहा झाले. आजींची बोटं अकराच्या सुमारास सैल होत होती.

आत जाऊन मी आजींना म्हटलं, "आता तुम्हाला वाटेल तसं करा. धरायचा असेल तर धरा."

"नको, मी घेत राहते ना..."

"नको. बरोबरच धरा दोघं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग कर्णटोप बसवला आणि दोन्ही हातांनी घोटा धरला.

हात वर. ओठ मिटले. रेघ सपाट. मी एक डोळा आजींवर, एक पडद्यावर ठेवला होता. त्यांचे डोळे मोठे होऊ लागले आणि ठोके थांबले. मी हात खाली घेतला. खांदे उतरले, बोटं सुटली, रेघ उसळली. सगळं एकदम.

चित्र ओळीओळीनं जमून पडद्यावर आलं. भोवतीचं सगळं काळं, आणि मधून खाली उतरत गेलेली पांढरी नळी. कडा स्वच्छ. अगदी तळाशी त्या पांढऱ्यात एक काळा मणी बसला होता, वाटाण्याहून लहान. त्याच्याभोवती पाण्याची बारीक उजळ कड होती. पाणी त्याच्या चारी बाजूंनी बोलत होतं.

डॉक्टर माझ्या खांद्यावरून वाकले. त्या मण्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "खडा."

"नक्की?"

"गाठ असती तर नळी निमुळती होऊन बंद झाली असती. ही गोल कड बघ." ते सरळ झाले. "मी सांगतो त्यांना."

निदान सांगणं माझं काम नाही. मी यंत्रं परत करायला बाहेर गेले तेव्हा डॉक्टरांचं सांगून झालं होतं. आजी बाकावर बसल्या होत्या, केसांतले आकडे मांडीवर, लावायचं विसरलेल्या. "पोट नाही ना फाडायचं?" त्या मला विचारत होत्या. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं, तरी.

"नाही. थोडी गुंगी देऊन तोंडातून काढतात. ते झेपेल त्यांना."

त्यांनी डोळे पुसले आणि लगेच आकडे मोजायला घेतले, कमी भरले तर कुणाशी तरी भांडता येईल, अशा आवेशात.

आजोबांनी कानांत यंत्रं बसवली. "मग? कुणी सोडला होता पाय? सांगा आता या बाईला."

आजी आकडेच मोजत राहिल्या. मीच सांगितलं. त्या बरोबर श्वास धरत होत्या, आणि त्यांचा दम तुमच्यापेक्षा कमी पडतो.

मला वाटलं, ते जिंकल्यासारखं काहीतरी बोलतील. ते आजींकडे पाहत राहिले. "जिना चढताना थांबतेस ते गुडघ्यासाठी म्हणतेस ना?"

"गुडघाच आहे."

"गिरणीत मी वर पोती ओतत होतो आणि तू खाली पिठाच्या पोत्यांची तोंडं शिवत होतीस. पीठ खालीच जास्त उडतं." ते माझ्याकडे वळले. "हिची छाती कुठं दाखवायची?"

"खालच्या मजल्यावर," मी म्हटलं. "आजच दाखवा. मी चिठ्ठी देते."

"आधी तुमचं होऊ दे," आजी म्हणाल्या. "लगेच माझ्या मागं लागू नका. एका वेळी एक."

"एका वेळी दोन. तूच ना बरोबर श्वास धरत होतीस! आज दाखवायचं म्हणजे दाखवायचं. तुझ्या गुडघ्यानं फसवलंय मला इतकी वर्षं, आणि मी..."

आजी त्यांना बूट घालायला वाकल्या होत्या. त्यांनी घोट्याला धरून पाय उचलला आणि आजोबांचं वाक्य मधेच तुटलं. तोंड मिटलेलं, गाल फुगलेले, डोळे समोर. सवय लागली होती.

आजींनी वर पाहिलं. आधी त्यांना समजलंच नाही. मग समजलं, आणि त्या एवढ्या हसल्या की त्यांना खोकला आला, थांबेना. आजोबा तसेच थांबून होते.

"सोडा हो," खोकता खोकता आजी म्हणाल्या आणि घोटा सोडला. "सोडा आता."